राणीचा चौक

लंडनला जाऊन आलेला मनुष्य परतल्यावर जें वर्णन करतो, त्यांत राजवाडा, मनोरा, पूल आणि पदार्थसंग्रहालय एवढ्या गोष्टी ठरलेल्या असतात. गेल्या आश्विनांत मी तेथें सहा आठवडे राहिलों. परंतु राजवाडा मीं बसच्या खिडकींतून पाहिला आणि टेम्स नदी एकदांच ओलांडली. माझा बहुतेक काळ ज्या एका चौकांत गेला, त्याचें नांव क्वीन स्क्वेअर. प्रवासवर्णनांच्या पुस्तकांत त्याला चार ओळींच्यावर जागा मिळत नाहीं. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला जसें नवद्वीप, तसा मेंदू व मज्जातंतू यांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्याला हा चौक आहे, हें मला तेथें जाईपर्यंत ठाऊक नव्हतें. आणि ठाऊक होण्याची वेळ आली नसती तर फार बरें झालें असतें.

माझ्या वडील बंधूंचा मुलगा गेलीं अठरा वर्षें लंडनांत पूल बांधणाऱ्या एका कंपनींत इंजिनियर आहे. श्रावणांत एके रविवारीं आईशीं टेलिफोनवर बोलतां बोलतां तो मध्येंच अडखळला. "आई, तें हें... हें..." असें कांहीं वेळ म्हणत राहिला आणि गप्प झाला. वहिनींना वाटलें कीं यंत्र बिघडलें. आठ दिवसांनीं स्वयंपाकघरांत उभा असतांना त्याला फेफरें आलें. डोक्याचीं चित्रें काढलीं तेव्हां डाव्या बाजूस, वाणीच्या स्थानाला लागून, मोठ्या आवळ्याएवढी गांठ दिसली. बंधू हयात नाहींत. वहिनींचें वय ऐंशीच्या पुढें, गुडघे धरलेले. "भाऊजी, तुम्हीच जा. मी जाऊन नुसती रडत बसेन; तुम्हांला निदान इंग्रजी तरी कळतें," एवढेंच त्या म्हणाल्या.

विमानतळापासून भुयारी गाडीनें थेट रसेल स्क्वेअर स्थानकावर उतरतां येतें. वर येण्यास पाळणे आहेत. जिन्यानें येणाऱ्यास १७५ पायऱ्या चढाव्या लागतील, अशी पाटीही लावलेली आहे. पाटी न वाचतां मी पहिल्या दिवशीं जिन्याकडे वळलों, आणि वर येईपर्यंत जेजुरीच्या गडाची आठवण झाली. स्थानकापासून थोडें चाललें कीं एक अरुंद बोळ लागतो. त्याच्या तोंडाशीं 'क्वीन्स लार्डर', म्हणजे राणीची कोठी, या नांवाचें पानगृह आहे. तिसरा जॉर्ज राजा बुद्धिभ्रंशानें आजारी असतां या चौकांतील एका वैद्याच्या घरीं त्याच्यावर उपचार होत, आणि त्याची राणी शार्लट त्याच्यासाठीं खाद्यपदार्थ या दुकानाच्या तळघरांत सांठवून ठेवी, अशी लोकांत आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, चौकाच्या बागेंत राणीचा शिशाचा पुतळा मात्र उभा आहे. तो १७७५ सालचा. परंतु कितीएक वर्षें लोक त्याला ॲन राणीचा पुतळा समजत, कारण चौकाला नांव तिचें आहे. ज्या ठिकाणीं रोगाचें निदान करण्याची विद्या कळसास पोहोंचली, तेथें पुतळ्याचें निदान इतकीं वर्षें चुकावें, याची मला गंमत वाटली.

चौक लांबट आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं तो आंखला तेव्हां उत्तरेची बाजू मुद्दाम मोकळी ठेवली होती. तिकडून हॅम्पस्टेडच्या टेंकड्या दिसत. आतां चारी बाजूंनीं इमारती आहेत. मधल्या बागेंत उंच झाडें, लांकडी बांकें, आणि एका टोकाला जुना लोखंडी पाण्याचा पंप. पूर्वेच्या बाजूला तांबड्या विटांचें मोठें इस्पितळ आहे, तें नॅशनल हॉस्पिटल. पलीकडच्या रस्त्यावर मुलांचें प्रसिद्ध इस्पितळ आहे. त्यामुळें या बांकांवर बसलेल्या मनुष्याकडे कोणी निरखून पाहत नाहीं. तो येथें कां बसला आहे, हें सर्वांना ठाऊक असतें.

या इस्पितळाची उत्पत्ति सांगण्यासारखी आहे. जोहाना व लुइसा चँडलर नांवाच्या दोघी बहिणी आणि त्यांचा भाऊ एडवर्ड यांना आजीनें वाढविलें होतें. आजीला अर्धांगवायु झाला. त्या काळच्या इस्पितळांत अशा रोग्याला कोणी ठेवून घेत नसे. बरा होणारा नाहीं, मरणाराही नाहीं, अशा माणसानें खाट अडवून कां ठेवावी, असा विचार. आजीची शुश्रूषा करतां करतां या भावंडांच्या मनांत आलें कीं, अशांसाठीं स्वतंत्र घर हवें. बहिणींनीं मणी व शिंपले यांचे दागिने करून विकले आणि २०० पौंड जमविले. ते घेऊन त्या लंडनच्या लॉर्ड मेयरकडे गेल्या. योगायोग असा कीं तोही त्याच रोगानें पीडलेला. १८५९ सालीं सभा भरली, आणि १८६० मध्यें या चौकांतील २४ नंबरच्या घरांत स्त्रियांसाठीं आठ खाटा मांडण्यांत आल्या. डॉक्टर मागाहून आले; आधीं दोन नाती आल्या, हें मला विशेष वाटलें.

मागाहून आलेले डॉक्टर मात्र असामान्य होते. ह्यूलिंग्स जॅक्सन येथलाच. फेफरें अंगाच्या कोणत्या भागांत सुरू होतें, आंगठ्यांत कीं ओठांत, आणि तेथून कसें पसरतें, हें तो वर्षानुवर्षें नोंदीत बसला. त्यावरून मेंदूचा कोणता भाग कोणत्या अवयवावर सत्ता चालवितो, याचें अनुमान त्यानें बांधलें. डेव्हिड फेरियर यानें माकडांवर प्रयोग करून तें पडताळून पाहिलें. त्याबद्दल प्राण्यांशीं क्रूरपणाच्या कायद्याखालीं १८८१ सालीं त्याच्यावर खटलाही झाला. त्यांत तो निर्दोष सुटला. नकाशा असा कागदावर तयार झाला. पण त्या नकाशाच्या भरंवशावर कोणाच्या कवटींत हात घालावयाचा, हा प्रश्न होताच.

तो हात २५ नोव्हेंबर १८८४ रोजीं घातला गेला. इस्पितळ दुसरें होतें, रीजंट्स पार्कजवळचें; तें १९४८ मध्यें या नॅशनल हॉस्पिटलांतच विलीन झालें. रोगी पंचवीस वर्षांचा एक स्कॉटिश शेतकरी. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू प्रथम फडफडू लागली, पुढें डावा हात, आणि मग तो हात लुळा पडला. ह्यूज बेनेट या डॉक्टरानें या लक्षणांवरूनच सांगितलें कीं, उजव्या बाजूस अमक्या ठिकाणीं गांठ आहे. क्ष-किरण निघण्यास अजून अकरा वर्षें अवकाश होता! बाहेर कवटीवर सूज नाहीं, खूण नाहीं. लिस्टरचा भाचा रिकमन गॉडली यानें सांगितलेल्या जागीं कवटीला छिद्र पाडलें. आंत, पृष्ठभागाच्या जरासें खालीं, अक्रोडाएवढी गांठ मिळाली. जॅक्सन व फेरियर दोघेही तेथें उभे होते. अनुमानप्रमाणाचा इतका रोखठोक विजय तर्कसंग्रह शिकवितांना उदाहरणादाखल मला कधीं सुचला नाहीं. आम्ही आपले पर्वत आणि धूर यांतच राहिलों. परंतु तो शेतकरी वाचला नाहीं. जखमेंत पू होऊन अठ्ठाविसाव्या दिवशीं तो गेला. पुस्तकांत हें वाक्य शेवटीं, लहानसें असतें. मीं तें पुतण्याच्या घरीं रात्रीं वाचलें आणि पुस्तक मिटून ठेवलें.

(ग्लासगोच्या मॅकेवेननें १८७९ सालींच एका चौदा वर्षांच्या मुलीची मेंदूच्या आवरणावरील गांठ काढली होती व ती मुलगी जगली, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे.)

तीन वर्षांनीं या चौकांतच दुसरी घटना घडली. चाळिशी उलटलेला एक कॅप्टन पाठींतील असह्य वेदनेनें तीन वर्षें हैराण होता आणि आतां पायही गेले होते. गॉवर्स या डॉक्टरानें पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूवर गांठ आहे असें निदान केलें, आणि व्हिक्टर हॉर्सली यानें ९ जून १८८७ रोजीं पाठ उघडली. सांगितलेल्या जागीं गांठ नव्हती. थांबावें कीं पुढें जावें? त्यानें मणक्याचा आणखी वरचा भाग काढला, आणि तेथें बदामासारखी गांठ सांपडली. हा कॅप्टन पुन्हां चालूं लागला. हॉर्सली पुढें १९१६ सालीं मेसोपोटेमियांत, अमारा येथें, उष्माघातानें मरण पावला. तेथें आपल्याकडचे हजारों शिपाई लढत होते, आणि जखमींच्या औषधोपचाराची दैना पाहून तो सरकारशीं भांडत होता, एवढें आपण लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आमच्याकडच्या कांहीं वाचकांना येथें सुश्रुत आठवेल. मलाही आठवला. गांठीला 'अर्बुद' हा शब्द त्याचाच. गणितांत अर्बुद म्हणजे दहा कोटि. पेशींची संख्या आंवरेनाशी होणें हाच हा रोग, तेव्हां शब्द जुळला तो चांगलाच. परंतु सुश्रुतानें १०७ मर्में सांगितलीं, त्यांपैकीं ३७ मानेवर व डोक्यांत. आणि टाळूवरचें अधिपति हें मर्म तर सद्यःप्राणहर, म्हणजे धक्का लागतांच प्राण घेणारें. तेथें शस्त्र लावूं नये हाच त्याचा बोध. भोजप्रबंधांत दोघे वैद्य राजाला मोहचूर्णानें बेशुद्ध करतात, कवटी काढून आंतील मासळी बाहेर टाकतात आणि कवटी पुन्हां सांधतात, अशी कथा आहे. ती कथा आहे. तिच्या आधारानें आमच्याकडे सर्व होतें असें म्हणणारे गृहस्थ मला विमानांतही भेटले. त्यांना मीं उत्तर दिलें नाहीं. माझ्या मनांत त्या वेळीं राजा भोज नव्हता.

शस्त्रवैद्यांनीं आम्हां तिघांना, म्हणजे पुतण्या, सूनबाई आणि मला, समोर बसवून सर्व समजावून दिलें. ही गांठ ग्लिओमा जातीची. मज्जापेशींना धरून ठेवणाऱ्या ज्या पेशी, त्यांना ग्लिया, म्हणजे ग्रीक भाषेंत सरस किंवा डिंक, असें नांव आहे. (आपल्या श्लेष्म शब्दांतही चिकटणें याच अर्थाचा धातु आहे, हें मीं तेथें बोललों नाहीं.) या पेशींची गांठ अक्रोडासारखी सुटी नसते, तिचीं मुळें निरोगी मेंदूंत शिरलेलीं असतात. मला हरळीनें भरलेलें शेत डोळ्यांपुढें आलें. वरून खुरपलें तरी कोठें तरी धागा राहतोच, आणि खोल नांगरावें तर पीकही जावयाचें. या जातीच्या गांठींना १ ते ४ अशा श्रेणी लावतात. चौथ्या श्रेणीची ग्लिओब्लास्टोमा अतिशय निर्दय. तिच्यावर किरणांच्या जोडीला टेमोझोलोमाइड हें औषध दिल्यानें मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलें, असा निष्कर्ष २००५ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तीच मोठी प्रगति मानली गेली. आमची गांठ चित्रांत तरी सौम्य दिसत होती. नक्की काय तें ती बाहेर आल्यावर.

परंतु ती वाणीच्या स्थानाला लागून. म्हणून शस्त्रक्रिया रोगी जागा असतांना करावयाची! मेंदूला स्वतःला वेदना नसते. कातडी बधिर केली कीं पुरे. आधीं झोंपवून कवटी उघडतात, मग जागें करतात, आणि एकामागून एक चित्रें दाखवून नांवें विचारतात. त्याच वेळीं शस्त्रवैद्य मेंदूच्या एकेका बिंदूला सूक्ष्म विद्युत्प्रवाह लावतो. ज्या बिंदूपाशीं रोगी अडखळतो, तेथें अंकाची चिठ्ठी ठेवतात. तो बिंदु कापावयाचा नाहीं. दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूंत कांहीं बिंदु दोहींना समाईक, तर कांहीं एकीचेच असतात, असें १९७८ सालापासून नोंदलेलें आहे. म्हणून त्यांनीं विचारलें कीं, परीक्षा कोणत्या भाषेंत घ्यावयाची? दोहोंत घेऊं, पण जागेपणाची वेळ मोजकीच असते, तेव्हां आधीं कोणती?

सूनबाई बंगालच्या. घरांत नवराबायको इंग्रजी बोलतात. मुलगी तर दुसरें कांहीं बोलतच नाहीं. पुतण्याची नोकरी इंग्रजीची. मला वाटलें, प्रश्नाला उत्तर एकच आहे, आणि तें ऐकण्याची मीं मनाची तयारी केली. पुतण्या कांहीं वेळ टेबलाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मराठी आधीं घ्या. इंग्रजी अर्धी गेली तरी ऑफिसांत लिहून चालेल. आईला दुसरी भाषा येत नाहीं." सूनबाईंनीं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यांच्या मनांत काय आलें असेल, तें विचारण्याचा अधिकार मला नव्हता.

मग मला काम मिळालें. वाणीचिकित्सेच्या बाईंजवळ ऐंशी चित्रें होतीं. प्रत्येकाचें मराठी नांव, उच्चारासह, आणि दुसरें कोणतें नांव आलें तर तें बरोबर मानावें कीं चूक, हें लिहून द्यावयाचें होतें. चाळीस वर्षें मीं उत्तरपत्रिका तपासल्या, पण इतक्या काळजीनें एकही तपासली नसेल. झाडणीचें चित्र आलें: केरसुणी, झाडू, सासवडकडचा असेल तर खराटाही, सगळीं बरोबर. घुबड, छत्री, शिडी, कासव सरळ. ओकच्या फळाला मराठी नांव नाहीं. तें चित्र बाद. बर्फाचा मनुष्य बाद. नंतर बाईंनीं शस्त्रक्रियेपूर्वीं दोन वेळां पुतण्याची परीक्षा घेतली. जें चित्र त्याला आजच ओळखतां येत नाहीं, तें ठेवून उपयोग नाहीं, असा नियम. ऐरणीपाशीं तो अडला. जात्यापाशीं अडला. चाळणीला 'ती गाळायची वस्तु' म्हणाला. ऐंशींपैकीं एकोणीस चित्रें निघालीं. बाई म्हणाल्या कीं, यांतील बहुतेक शब्द रोगानें गेलेले नाहींत, वापर नसल्यानें गेलेले आहेत. हें त्यांनीं माझ्या समाधानासाठीं सांगितलें.

शस्त्रक्रियेच्या दिवशीं सकाळीं सातांस त्याला आंत नेलें. सूनबाई वर थांबल्या. मला बसवेना, मी खालीं चौकांत आलों. गवतांत एक लहानशी पाटी दिसली. ८ सप्टेंबर १९१५ च्या रात्रीं झेपेलिन विमानांतून बाँब पडून तो याच जागीं फुटला. भोंवतालच्या इमारतींत सुमारें एक हजार माणसें झोंपलेलीं असतांही कोणाला इजा झाली नाहीं, असें तीवर लिहिलें आहे. मीं ती पाटी पुनः पुन्हां वाचली. झाडांचीं रुंद पिवळीं पानें खालीं येत होतीं. विष्णुसहस्रनाम म्हणावें म्हणून सुरुवात केली, पण तिसऱ्या श्लोकापाशीं मन भरकटलें. थोड्या वेळानें लक्षांत आलें कीं मी शब्दरूपावली म्हणत आहें, लहानपणीं पाठ केलेली, विभक्तीमागून विभक्ति. तीच पुढें चालूं ठेवली. शेजारच्या बांकावर एक वृद्ध बाई येऊन बसल्या आणि कांहीं न बोलतां त्यांनीं बिस्किटांचा पुडा माझ्यापुढें धरला.

अडीचच्या सुमारास सूनबाई खालीं आल्या. गांठीचा बहुतेक भाग निघाला होता. एका चिठ्ठीपाशीं मात्र शस्त्रवैद्य थांबले, कारण तेथें मराठी व इंग्रजी दोन्ही अडत होत्या. तेथें आहे तें राहिलें.

दोन दिवस पुतण्याची वाणी फार मंद होती. असें होतें, सूज उतरली कीं सुधारते, असें सांगितलेलें होतें; तरी भीति वाटलीच. चौथ्या दिवशीं टेलिफोनवर वहिनींचा चेहरा दिसला. त्यांनीं विचारलें, "जेवलास का रे?" तो म्हणाला, "हो. खिडकी खाल्ली." स्वतःच चमकला, डोळे मिटून शोधूं लागला. वहिनी म्हणाल्या, "खिडकी खा, नाहींतर दार खा, पण वेळेवर जेव." तेव्हां तो हंसला, आणि मग 'खिचडी' हा शब्द आला.

या इस्पितळांत पैसे भरण्याची खिडकी मला कोठें दिसली नाहीं. तेथें राहणाऱ्या लोकांसाठीं हा खर्च सरकार सोसतें. परंतु यासाठीं समुद्रापार जावें लागतें असा समज वाचकांनीं करून घेऊं नये. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत जेकब चँडी यांनीं माँट्रियलला पेनफील्डपाशीं शिकून येऊन १९४९ सालींच हा विभाग सुरू केला. मुंबईस परळचें टाटा इस्पितळ १९४१ पासून आहे, आणि त्याच संस्थेच्या खारघरच्या केंद्रांत २०२३ पासून प्रोटॉन किरणांचा उपचारही होतो. आणि ज्या चित्रयंत्रामुळें आज कवटी न उघडतां गांठ दिसते, त्यानें पहिलें रोग्याचें चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्याच विंबल्डन भागांतील ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळांत काढलें. तें इस्पितळ २००३ सालीं बंद झालें. टेम्स मीं जी एकदां ओलांडली, ती तें पाहण्यासाठीं.

गांठीचा अहवाल तिसऱ्या आठवड्यांत आला. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, श्रेणी दुसरी. हिची वाढ मंद असते. कांहीं महिन्यांनीं चित्रें काढून लक्ष ठेवावयाचें. पुढें किरण लागतील, औषध लागेल. या जातीच्या गांठींत आढळणाऱ्या एका विशिष्ट जनुकदोषावर चालणारें व्होरासिडेनिब नांवाचें औषध अमेरिकेनें २०२४ मध्यें मान्य केलें आहे, त्याचाही डॉक्टरांनीं उल्लेख केला. किती वर्षें, असें पुतण्यानें विचारलें. पुष्कळांना दहाच्यावर मिळतात, असें उत्तर मिळालें. मुलगी नऊ वर्षांची आहे. त्यानें मनांत बेरीज केलेली मला दिसली.

निघण्याच्या आदल्या दिवशीं त्या बाईंनीं मला बोलाविलें. पुढें कोणी मराठी रोगी आला तर माझी यादी वापरावी काय, असें त्यांनीं विचारलें. मीं एक दिवसाची मुदत मागून घेतली, आणि रात्रीं बसून ती स्वच्छ अक्षरांत पुन्हां लिहून काढली. गाळलेलीं चित्रेंही, ओकचें फळ आणि बर्फाचा मनुष्य सोडून, तींत घातलीं: ऐरण, जातें, चाळण. पुढचा कदाचित् आपल्या गांवाहून नुकताच आलेला असेल.